चाकं आधी तोलून घ्या

माझ्याकडे बॅगा तोलायचा एक छोटा डिजिटल काटा आहे. एक हुक, एक पट्टा आणि आकडे दाखवणारी एवढीशी खिडकी. ऑनसाइटला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या कपाटात असतो तसलाच. त्यावर मी आत्तापर्यंत भाजणी, मेतकूट, लोणचं आणि प्रेशर कुकर तोलले आहेत आणि २३ किलोच्या वर एक चकलीसुद्धा जाऊ दिलेली नाही. २०२४ च्या मे महिन्यात हाच काटा खिशात घालून मी नाना पेठेत गाडीची चाकं घ्यायला गेलो. दुकानातला मुलगा आधी हसला. मग म्हणाला, "सर, लोक डिझाइन बघतात, रंग बघतात. वजन बघणारे तुम्ही पहिलेच."

आजचा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्याकडे येणाऱ्या, नुकतीच पहिली 'पळणारी' गाडी घेतलेल्या तमाम मंडळींसाठी आहे. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठीच म्हणा ना.

आधी गाडीची ओळख. पोलो, १.० टीएसआय, सहा गिअरचं मॅन्युअल. २०२१ साली घेतली, आणि २०२२ मध्ये फोक्सवॅगननं पोलो भारतात बंदच केली. त्यामुळे घरात तिला आता वारसा हक्काचं सोनं असल्यासारखी वागणूक मिळते (असं मी म्हणतो. बायकोचं मत वेगळं आहे). ११० पीएसचं छोटं टर्बो इंजिन आणि साधारण अकराशे किलोच्या आतलं वजन. शनिवारी पहाटे साडेपाचला निघून ताम्हिणीच्या वळणांवरून एक फेरी मारली, की पुढचे पाच दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये माणूस माणसात राहतो.

आता अशी गाडी हातात आली की पहिला किडा कुठला वळवळतो? चाकं. इंजिनला हात लावला तर वॉरंटी जाते, एक्झॉस्ट बदलला तर पोलीस थांबवतात. चाकं मात्र बदलायला सोपी, दिसायला झकास, आणि वर "परफॉर्मन्ससाठी घेतली" असं घरी सांगता येतं. मीही तेच केलं. २०२२ च्या दिवाळीत मूळची १६ इंची चाकं काढून १७ इंची काळीभोर अलॉय घातली. चार चाकांचे ४८ हजार, टायर वेगळे. दुकानदाराला विचारलं, "हलकी आहेत ना?" तो म्हणाला, "एकदम हलकी, रेसिंगची आहेत." झालं. कोडचा रिव्ह्यू करताना एका सेमिकोलनवरून वाद घालणारा मी, इथे एका वाक्यावर ४८ हजार देऊन मोकळा झालो. तोलून बघावीत हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात काहीतरी बिघडल्यासारखं वाटत होतं. सिग्नलवरून निघताना गाडी किंचित आळसावलेली, खराब रस्त्यावर पुढची चाकं नुसती धडाधड आपटत होती. पण पार्किंगमध्ये लोक थांबून बघायचे ना! एवढे पैसे घातल्यावर आपल्याला जे वाटतं ते खरं नाही, असं स्वतःला पटवता येतं. दीड वर्ष मी तेच केलं.

मग आली २०२४ च्या जानेवारीतली ती रात्र. कराडला मामेबहिणीचं लग्न उरकून परत येत होतो. मागे आई-बाबा, शेजारी बायको. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळकडे येताना, रस्त्याचं काम चालू होतं तिथे, एक खड्डा दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. आवाज असा आला की आईनं "अगं बाई!" म्हणून समोरची सीट घट्ट धरली. दोन किलोमीटरवर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. एका ढाब्याच्या उजेडात गाडी उभी केली. टायर धड होता. चाकाला मात्र आतल्या बाजूच्या कडेपासून बोटभर लांब चीर गेली होती आणि तिच्यातून हवा चक्क फुसफुसत होती.

यापर्यंत कुणाचंही होऊ शकतं. खरी गंमत पुढे आहे. स्टेपनी काढली. ती कंपनीची, साधी लोखंडी रिम. ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्या दादांनी जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली आणि बोल्ट पिळायला घेतले. पण बोल्ट बसल्यासारखा वाटेचना. पिळला जात होता, पण टेकत होता एका बारीक कडेवर. मोबाइलच्या उजेडात बघितलं आणि पोटात गोळा आला. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना जो बोल्ट लागतो त्याची बैठक गोल असते, चेंडूच्या पाठीसारखी. बाहेरच्या बहुतेक अलॉयना लागतो तो निमुळता, शंकूसारखा. दुकानदारानं नव्या चाकांबरोबर शंकूचे बोल्ट दिले होते ते बरोबरच होतं. पण स्टेपनीला जुनेच बोल्ट लागणार हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जुने बोल्ट कोथरूडला, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सुखरूप होते.

"चालतंय की सायेब, पन्नास किलोमीटरचा तर प्रश्न हाय," दादा म्हणाले. वाईट हेतूनं नाही. रात्रीचे साडेअकरा, थंडी, मागे दोन म्हातारी माणसं. त्यांना माझी सोयच करायची होती. आणि खरं सांगतो, मला मोह झाला. हळूहळू जाऊ, साठच्या वर नको... पण शंकूचा बोल्ट गोल खाचेत असा कडेवर टेकला की पिळताना घट्ट लागतो आणि गाडी चालायला लागली की सैल होतो. मग चाक निसटतं. डावीकडचं पुढचं चाक, आणि त्याच्या मागच्या सीटवर आई.

मित्राला फोन केला. तो बिचारा आमच्या घरी गेला, शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली, ड्रॉवर शोधला आणि सव्वा वाजता पाच बोल्ट घेऊन ढाब्यावर आला. तोवर आम्ही तीन-तीन कप चहा प्यायलो. बाबा एकदा उठून त्या चाकापाशी गेले, हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "चाक सुंदर आहे रे. हवा तेवढी राहत नाही."

मी यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी काटा बाहेर काढला आणि जे दीड वर्षापूर्वी करायला हवं होतं ते केलं. सॉफ्टवेअरमध्ये आपण नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो: आधी मोजा, मग ऑप्टिमाइझ करा. प्रोफाइलर न चालवता कोड 'फास्ट' करणारा माणूस हमखास चुकीच्या जागी खपत असतो. मी नेमका तोच माणूस निघालो. कंपनीचं १६ इंची चाक टायरसकट १७.५ किलो. माझं 'रेसिंगचं' १७ इंची चाक टायरसकट २०.७ किलो. प्रत्येक चाकामागे ३.२ किलो जास्त. ४८ हजार रुपये देऊन मी गाडीच्या चार पायांत मिळून जवळजवळ तेरा किलोच्या बेड्या घातल्या होत्या.

तर आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं अगदी साधं आहे: पळणाऱ्या गाडीला हलकी चाकं घ्यायची असतील तर इंच वाढवू नका, जमलं तर एक इंच कमी करा. आणि हलकेपणा मजबुतीतून आलेला आहे याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका. मजबुतीची खात्री नसेल तर मूळ चाकंच ठेवा. बाकी सगळं याच्या मागून येतं.

पण त्याआधी एक भ्रम दूर करू. "चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो" असं छातीठोकपणे सांगणारे तुम्हाला भेटले असतील. कुणी चार सांगतो, कुणी आठ. अकरावीचं फिजिक्स काढा. चाक पुढे जातं आणि फिरतंही. म्हणून त्याला वेग द्यायला दोनदा ऊर्जा लागते, एकदा पुढे ढकलायला आणि एकदा फिरवायला. समजा सगळं वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला आहे, तर फिरवायची ऊर्जा बरोबर ढकलायच्या ऊर्जेइतकी होते. म्हणजे एका किलोचे फार तर दोन किलो. त्याहून जास्त होणं शक्यच नाही. रिम तर आणखी आत असते. माझ्या टायरची त्रिज्या साधारण ३१ सेंटिमीटर, रिमची २० च्या आसपास. गुणोत्तराचा वर्ग करा, सुमारे ०.४ येतो. म्हणजे रिममधला एक किलो हा गाडीतल्या १.४ किलोसारखा. बस्स.

आता हिशोब करा. कंपनीच्या चाकांपेक्षा मी आज चारही चाकांत मिळून साडेअकरा किलो वाचवले आहेत. त्यात टायरचंही थोडं वजन आहे, म्हणून दीडनं गुणू. सतरा-साडेसतरा किलो. दोन माणसांसकट बाराशे किलोच्या गाडीत हे दीड टक्क्याच्या आत. शून्य ते शंभरला दहा सेकंद लागत असतील तर एक-दीड दशांश सेकंद वाचेल. तेवढंच साधायचं असेल तर डिकीतला पसारा काढा आणि शेजारच्या सीटवरच्या मित्राला आठवडाभर मिसळ बंद करा. फुकटात होईल. :-)

मग हलकी चाकं घ्यायचीच कशाला? कारण खरा फायदा दुसरीकडे आहे.

गाडीचं वजन दोन भागांत असतं. एक स्प्रिंगच्या वर बसलेलं, म्हणजे बॉडी, इंजिन, आपण आणि आपल्या बॅगा. दुसरं स्प्रिंगच्या खाली लटकलेलं: चाक, टायर, ब्रेक, हब, सस्पेन्शनचा काही भाग. वरचं वजन स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा डोलतं. खालचं वजन मात्र सेकंदाला दहा-बारा वेळा थडथडू शकतं, कारण एका बाजूला सस्पेन्शन आणि दुसऱ्या बाजूला टायरचं रबर अशा दोन स्प्रिंगांमध्ये ते सापडलेलं असतं. रस्त्यावर उंचवटा आला की चाक वर उडतं आणि शॉक अॅब्सॉर्बरनं त्याला लगेच खाली आणायचं असतं. चाक जितकं जड तितकं ते वर गेलेलं वरच राहू बघतं, आणि तेवढा वेळ टायरची रस्त्यावरची पकड ढिली. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगखाली साधारण ३५-४० किलो असतात. त्यातले तीन किलो म्हणजे सात-आठ टक्के! गाडीच्या एकूण वजनात चिल्लर असलेला आकडा इथे घसघशीत होतो.

म्हणून हलक्या चाकांची मजा सरळ रस्त्यावर कळत नाही. ती कळते ताम्हिणीत, वळणाच्या मधोमध डांबर उखडलेलं असतं तिथे. आधी पुढचं टोक तिथे बाहेरच्या बाजूला अर्धी वीत सरकायचं. आता चाक खाली दाबून बसलेलं राहतं आणि स्टिअरिंगमधून रस्ता कळतो. ज्यांचे रस्ते काचेसारखे आहेत त्यांना हलक्या चाकांचं कौतुक. आपल्याला तर गरज आहे.

ही अक्कल नवीन नाही. १९२४ च्या ल्यों ग्रां प्रीला बुगाटीनं टाइप ३५ उतरवली तेव्हा तिला ओतीव अॅल्युमिनियमची चाकं होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. पुढे रेसिंगमध्ये मॅग्नेशियमची चाकं आली. आपल्याकडे जुने दुकानदार आजही कुठल्याही अलॉयला 'मॅग व्हील' म्हणतात ते त्यावरूनच, आत मॅग्नेशियमचा कणही नसला तरी. जपानच्या रेज कंपनीनं १९९६ साली टीई३७ काढलं. सहा जाड आऱ्यांचं ते चाक तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. त्यातला ३७ हा आकडा म्हणजे १५ इंची चाकाचं ३.७ किलो वजन. नावातच वजन! आणि माझदानं २०१५ च्या एमएक्स-५ ला पाचऐवजी चारच नट ठेवले, का, तर वजन वाचावं म्हणून. ज्यांना गाडी वळणावर कशी चालते याची पडलेली असते, ते लोक ग्रॅमचा हिशोब ठेवतात. ज्यांना ती पार्किंगमध्ये कशी दिसते याची पडलेली असते, ते इंच मोजतात. मी दीड वर्ष दुसऱ्या गटात होतो.

आता इंचाबद्दल. १७ इंची चाक त्याच जाडीचं बनवलं तर ते १५ इंचीपेक्षा जड होणारच, धातू जास्त लागतो आणि तो मध्यापासून लांब जातो. पण दुसरं नुकसान मोठं आहे. टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवायचा असतो, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो. म्हणजे रिम वाढली की रबर कमी. १९५/५५ आर १६ टायरची भिंत १०७ मिलिमीटर उंच असते. मी घातलेल्या २०५/४५ आर १७ ची ९२. खड्डा आणि धातू यांच्यामध्ये पंधरा मिलिमीटर रबर मी स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं. शिरवळच्या रात्री तेच पंधरा मिलिमीटर कमी पडले.

आणि उलट गेलात तर? १९५/६० आर १५ ची भिंत ११७ मिलिमीटर. एकूण व्यास ६१५, मूळ १६ इंचीचा ६२१. फरक एका टक्क्याच्या आत, भार पेलण्याची क्षमता थोडी जास्तच. ब्रेकला जागा पुरते का हा प्रश्न रास्त आहे. पोलोच्या खालच्या व्हेरियंटना कंपनी स्वतःच १५ इंची देत होती, त्यामुळे माझा तो सुटला. तुमच्या गाडीचा तपासून घ्या, पुढची डिस्क मोठी असेल तर नाही जमणार.

वर्कआउट झाल्यावर प्रश्न उरतो तो कुठलं चाक. इथे तीन जाती आहेत. पहिली साधं ओतीव: साच्यात वितळलेलं अॅल्युमिनियम ओतलं, थंड झालं, चाक तयार. स्वस्त. पण ओतकामात सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात म्हणून मजबुतीसाठी धातू जाड ठेवावा लागतो. असं चाक जड असलं तर निदान प्रामाणिक आहे. साधं ओतीव, स्वस्त आणि तरीही हलकं असेल, तर धातू कुठून वाचवला हे विचारा. दुसरी जात फ्लो फॉर्मिंग: चाक आधी ओततात आणि मग त्याचा बाहेरचा पिंपासारखा भाग तापवून, फिरवत, रोलरनं दाबून ताणतात. पोळी लाटावी तसा धातू लाटला जातो. पातळ होतो आणि दाट, चिवटही होतो. आरे ओतीवच राहतात, पण खड्ड्याचा मार बसतो तो याच लाटलेल्या भागावर. तिसरी फोर्ज्ड: अख्खा अॅल्युमिनियमचा ठोकळा प्रचंड दाबाखाली ठोकून मग कोरलेला. सर्वात हलकं, सर्वात मजबूत, आणि चारांची किंमत ऐकून आपण "बघतो, घरी विचारून सांगतो" म्हणतो ते.

माझं मत: आपल्यासारख्या इएमआयवाल्यांसाठी फ्लो फॉर्मिंग हा बरोबर मध्य आहे. आणि चौथी जात, जिच्यापासून लांब राहायचं, ती म्हणजे रेप्लिका. टीई३७ सारखं हुबेहूब दिसणारं, चौथाई किमतीचं. नक्कल डिझाइनची होते, धातूची नाही.

चाकाच्या मागच्या बाजूला खुणा बघा. भार किती किलोपर्यंत चालेल तो आकडा, आणि प्रमाणपत्राची खूण: आयएसआय, जर्मनीचं ट्यूव्ह किंवा जपानचं जेडब्ल्यूएल. जेडब्ल्यूएलमध्ये चाकाला फिरवत वाकवून, भार देऊन पळवून आणि वरून आघात करून बघतात. मात्र ते प्रमाणपत्र उत्पादक स्वतःच देतो. शेजारी व्हीआयएची खूण असेल तर तिसऱ्यानं तपासलंय असं समजा. खूण कोरता कुणालाही येते, म्हणून बिल आणि उत्पादकाचा कागद मागा. कागद म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला तर चहा पिऊन बाहेर पडा.

आणि बसवण्याच्या चार गोष्टी. एक, पीसीडी: माझ्या गाडीला ५×१००. जवळपासचं काहीतरी "बसवून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. दोन, मधलं भोक: पोलोचा हब ५७.१ मिलिमीटर. बाहेरच्या चाकाचं भोक मोठं असतं, मग मध्ये नेमक्या मापाची हब रिंग हवी, नाहीतर ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालता. तीन, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा: मूळ चाकावर 'ईटी' म्हणून कोरलेला असतो, त्याच्या पाच मिलिमीटरच्या आत राहा. टायर फेंडरच्या बाहेर आले की बेअरिंगवर ताण येतो, शिवाय आरटीओचं लक्षही जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, उत्पादकाच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा. चार, बोल्ट. बैठक कुठली, लांबी किती, हे चाक लावायच्या आधी विचारा. टॉर्क रेंचनंच पिळा, माझ्या गाडीला १२० न्यूटन-मीटर. आणि स्टेपनीचे मूळ बोल्ट स्टेपनीशेजारीच ठेवा. टीव्हीखाली नाही!

तर मे महिन्यात नाना पेठेत काय झालं? त्या मुलानं हसत हसत का होईना, एकेक चाक माझ्या काट्याला लावून दिलं. 'हलकं' म्हणून दाखवलेलं एक १६ इंची १०.४ किलो भरलं, म्हणजे माझ्या मूळ ९.२ च्या रिमपेक्षा जड. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता, त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी फ्लो फॉर्म्ड १५ इंची ठरवलं. आमच्या मापाचं तयार नव्हतं, तीन महिने थांबावं लागलं. ७२ हजार. आलं तेव्हा नुसती रिम ६.७ किलो. टायरही तोलूनच घेतला, कारण एकाच मापाच्या दोन टायरांत एक-दीड किलोचा फरक सहज असतो आणि तो अगदी बाहेरच्या कडेला असतो. एकूण १४.६ किलो. त्या काळ्या सुंदरीपेक्षा दर चाकामागे सहा किलो कमी.

आता याला विरोध करणारे काय म्हणतील तेही माहीत आहे. "१५ इंची? गाडी रिकामी दिसते रे." दिसते. चाकाच्या वर बोटभर जास्त जागा दिसते आणि पार्किंगमध्ये आता कुणी थांबत नाही. "७२ हजारांत काय काय आलं असतं!" तेही बरोबर. तुमची गाडी आठवड्यातले सहा दिवस वाकडच्या सिग्नलवर उभी असेल आणि घाट वर्षातून दोनदा दिसत असेल, तर माझा प्रामाणिक सल्ला: चाकांना हात लावू नका. कंपनीची चाकं कंपनीनं तपासलेली आहेत. चांगले टायर घ्या, हवा दर पंधरा दिवसांनी बघा, अलाइनमेंट करा. हलक्या चाकांच्या निम्मा आनंद बऱ्याच कमी किमतीत मिळेल. हलकी चाकं ही गरज नाही, हौस आहे. फक्त हौस करायची तर जिच्या मागे आई-बाबा बसतात त्या गाडीवर खोट्या आकड्यांनी करू नये.

परवा बाबांना घेऊन वाईला जाऊन आलो. तोच रस्ता, खड्डे थोडे इकडेतिकडे झालेले. शिरवळला ढाब्यावर मुद्दाम थांबलो. पंक्चरवाले दादा अजून तिथेच आहेत, त्यांनी मला ओळखलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "बारकी केली व्हय चाकं?"

"हो, बारकी केली."

"बरं केलं," ते म्हणाले. "बोल्ट?"

डिकी उघडून स्टेपनीशेजारची पिशवी दाखवली. बाबा तोवर चहाची ऑर्डर देऊन आले होते.

असो. पुढच्या शनिवारी ब्रेक पॅडबद्दल लिहायचं डोक्यात आहे. तोवर, चाकं घ्यायला निघाला असाल तर काटा विसरू नका.